तळखारची उघाडी

सांभाळून उतरा. पायऱ्यांवर शेवाळ आहे आणि तुमच्या बुटांचे तळवे फार गुळगुळीत दिसतात. मागे एक साहेब वरच्या पायरीवरून जे घसरले, ते थेट देवीसमोर जाऊन बसले. देवीला बरं वाटलं असेल. साहेबांना काही वाटलं नाही असं ते म्हणाले, पण जाताना लंगडत होते.

दुसऱ्या गावांत देवळाला पायऱ्या चढून जातात. आमच्या तळखारला खारजाईच्या देवळात उतरून जावं लागतं. नवीन माणसाला वाटतं, देऊळ खड्ड्यात बांधलंय. तसं नाही. बांधलं तेव्हा हे देऊळ उंच टेपावर होतं आणि भोवतीची शेतं खाली होती, असं सांगतात. देऊळ जिथल्या तिथे राहिलं आणि शेतं वर आली. आता इथे अंगणात उभे राहून वर बघा. भाताची रोपं तुमच्या डोक्याच्या उंचीवर हलताहेत ना? जमीन वर चढली की आम्ही वरून एक पायरी वाढवतो. ही सगळ्यात वरची, सिमेंटची, माझ्या डोळ्यांदेखत झाली. देऊळच उचलून वर बांधू या, असं देवीला विचारलं होतं. तिने कौल दिला नाही. ती का हलत नाही ते तिलाच ठाऊक.

शेतं वर कशी आली, हे विचारायलाच तुम्ही आला आहात. बसा इथे कट्ट्यावर. मी हसुराम म्हात्रे, माझ्या वाडवडिलांकडून जसं ऐकलं तसं सांगतो. मध्ये फोन वाजला तर बाहेर जाऊन बोला.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, हे तुम्ही कोकणात आल्यापासून दहा जणांकडून ऐकलं असेल. हटवला असेल. आमच्याकडे तो परत आला.

फार जुन्या काळी इथे खाडी नव्हती म्हणे. समुद्र इतका लांब होता की सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी परत येत नसे. ही आमची तांबळी नदी तेव्हा खोल दरीतून वाहायची. दोन्ही बाजूंना रान होतं आणि तळाशी गोटे होते. मग समुद्र चढू लागला. एका दिवसात नाही, एका पिढीतही नाही. आधी खालच्या विहिरी मचूळ झाल्या. मग काठची झाडं शेंड्याकडून वाळत आली. मग एका घराच्या ओसरीवर चिंबोरी सापडली, आणि त्या घरातली म्हातारी म्हणाली की आता आपण उठायला हवं. असे आमचे लोक वर वर सरकत राहिले आणि समुद्र त्यांच्या मागून दरीत शिरत राहिला.

नदी काय करणार? डोंगरातून लाल माती घेऊन ती धावत यायची आणि समोर समुद्र आडवा. पाणी तुंबलं की ते थांबतं, आणि थांबलेलं पाणी हातातलं ओझं खाली ठेवतं. वर्षानुवर्षं तिने ते ठेवलं. अख्खी दरी भरून गेली. काही वर्षांपूर्वी पुलासाठी जमिनीत भोकं पाडणारे लोक आले होते. वरून चिखल, मग शिंपल्या, मग काळं पडलेलं लाकूड आणि पार तळाला नदीचे गोटे, असं त्यांच्या नळ्यांतून निघालं. त्यांच्यातला एक जण मला समजावू लागला. समुद्र खाली होता तेव्हा नदीने दरी कोरली, समुद्र वर आला तशी तीच दरी तिने भरत आणली. मी म्हटलं, बाबा रे, चहा घे. तुझी गोष्ट आमच्याच गोष्टीसारखी आहे, फक्त तुझ्या गोष्टीत माणसं नाहीत.

माणसं अशी आली. दरी भरून जो सपाट गाळ झाला, त्याला आमच्या पूर्वजांनी बांध घातला. खारं पाणी बाहेर ठेवलं, पावसाचं पाणी आत धरलं आणि भात लावलं. आतलं जास्तीचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात एक दार ठेवलं. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. दगडी चौकट, तिच्यात बसवलेल्या आडव्या फळ्या, आणि फळ्या घट्ट राहाव्यात म्हणून ठोकलेली पाचर. बांधाची राखण सगळ्या गावाने मिळून करायची. त्या एकजुटीला जोळ म्हणतात. बांधावर चिखलाची ढेप टाकायला ज्या घरचा माणूस आला नाही, त्या घरी दुसऱ्या दिवशी कोणी जेवायला जात नसे.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक पुढे झाली, आणि ती आमच्याच लोकांना सुचावी अशी होती.

बांध दरसाल थोडा खचतो, म्हणून दरसाल त्यावर माती चढवावी लागते. ती आणायची कुठून? बाहेरचा चिखल खाडीचा. त्याला हात लावला तर खाडी तो परत मागायला येईल, अशी समजूत होती. म्हणून माती आतून काढायची. शेतातली माती खणायची आणि बांधावर टाकायची. समुद्र दर पिढीला थोडा वर, म्हणून बांध थोडा वर, म्हणून शेत थोडं खाली. नदीचा लाल गाळ बांधाबाहेरून वाहत जायचा आणि आम्ही आत खणत बसायचो. ज्या नदीने जमीन दिली तिलाच दार लावून घेतलं, आणि वर बांधाच्या उंचीचा केवढा अभिमान! उधाणाच्या वेळी लावणी करणाऱ्या बायकांनी मान वर केली तर खाडीतल्या होडीचा तळ त्यांच्या डोक्यावरून जाताना दिसायचा म्हणे. पोरंबाळं त्याला हसायची. कुणालाही भीती वाटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

भीती फक्त खांडीची होती. बांध फुटून जे भगदाड पडतं, ती खांड. खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि मग तीन वर्षं भात विसरायचं. म्हणून एक वाईट रीत पडली होती. बांध कुठे पाझरू लागला की जोळाचा पुढारी त्या जागी पाय रोवून उभा राहायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती पेंढा आणि चिखलाच्या ढेपा दाबून बसवायच्या. कमरेपर्यंत, वेळ आली तर छातीपर्यंत. त्याला खुंट राहणं म्हणत. सुकती लागून पाणी उतरेपर्यंत खुंटाने हलायचं नाही. तो मोठा मान होता. मला विचाराल तर मूर्खपणा होता, पण त्या काळच्या माणसांना तसं सांगण्याची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी जोळाचा पुढारी होता धाया. वयाने तरुण, अंगाने भक्कम, शब्दाचा पक्का आणि थोडा हट्टी. त्याची बायको आंबी. त्यांना एक अंगावर पिणारी मुलगी होती, पुनी. आणि घरात धायाचा म्हातारा बाप, बुधाजी. बुधाजी स्वतः तरुणपणी खुंट राहिलेला होता आणि तेव्हापासून त्याचा एक पाय वाकडा पडायचा. म्हणून त्याच्याकडे उघाडी सांभाळायचं बसून करायचं काम होतं.

आषाढातली अवस, म्हणजे अमावस्या होती. अवसेला आमच्याकडे भरदुपारी उधाण येतं. त्यात वर डोंगरात कितीतरी दिवस पाऊस लागून राहिला होता आणि तांबळीला महापूर आला होता. वरून पूर, खालून उधाण. दोन्ही पाण्यांनी एकमेकांना अडवलं आणि खाडी जागच्या जागी फुगत चालली. लावणी नुकतीच उरकली होती. सगळ्या गावाचं वर्षाचं अन्न त्या खाली दबलेल्या शेतांत हिरवंगार उभं होतं.

सकाळ संपता संपता देवळाच्या बाजूचा बांध पाझरू लागला. धाया तिथे गेला आणि पाय रोवून उभा राहिला. जाण्याआधी तो उघाडीवर येऊन बापाला म्हणाला, "आज कोन पन येऊंदे, उघारी उघरायची नाय. भात बुरला तं गाव मेला. मना वचन दे." बुधाजीने वचन दिलं.

ढेपा पडू लागल्या. कमरेपर्यंत चिखल आला, पाझर थोडा थांबला आणि बाजूने सुरू झाला. छातीपर्यंत ढेपा आल्या. तरी बांधाच्या आतल्या अंगाने पाणी येतच होतं, आणि आता ते गढूळ येत होतं. बांधावर काम केलेल्या माणसाला याचा अर्थ कळतो. स्वच्छ पाणी पाझरलं तर बांध नुसता भिजलाय. गढूळ आलं तर तो आतून खाल्ला जातोय. सगळ्यांना ते दिसत होतं. माणसं नुसती ढेपा आणत होती, टाकत होती, परत धावत होती.

आंबी पुनीला शेजारणीकडे देऊन बांधावर आली होती. तिने नवऱ्याला पाहिलं. त्याचं फक्त डोकं आणि खांदे बाहेर होते. बाहेरचं पाणी त्याच्या मानेच्या उंचीला होतं, आणि आतली जमीन त्याच्या पायांच्याही खाली होती. तिला त्या क्षणी दिसलं की एवढं सगळं पाणी एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि मध्ये तिचा नवरा आहे. बांध गेला तर तो बांधाबरोबर जाणार होता. त्याला उपसून काढायचं म्हटलं तरी ती जागा मोकळी होऊन तिथेच खांड पडली असती.

ती शहाणी होती म्हणून तिला उपाय सुचला, असं काही लोक सांगतात. आमच्या घरात तसं सांगत नाहीत. ती घाबरली होती. आतही पाणी आलं तर बांधावरचा भार कमी होईल, एवढंच तिला समजलं, आणि ती उघाडीकडे पळत सुटली.

बुधाजी उघाडीच्या दगडावर बसला होता. मांडीवर पाचर ठोकायची लाकडी मोगरी होती. सासऱ्याला ती मामा म्हणत असे.

"मामा, मोगरी द्या."

"नाय, पोरी. त्यानी माजेकरना वचन घेतलाय."

"पानी गढूल येतं आतना. बांध टिकत नाय. तुमचा पोरगा हाय त्या बांधान!"

"माजा पोरगा हाय, मना ठाऊक नाय?" म्हातारा ओरडला. "भात बुरंल. सगल्या गावचा भात बुरंल, आंबे. खारा चरला तं तीन वर्सां जातीन."

तिने खाली वाकून फळ्यांच्या फटीतून येणारं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडात घातलं. खारं नव्हतं. पुराचं पाणी एवढं होतं की खाडीत मीठ उरलंच नव्हतं. तिने ओंजळ भरून म्हाताऱ्याच्या तोंडाशी नेली. त्याने चाखलं. बांधाकडून माणसांचा आरडाओरडा ऐकू येऊ लागला. मग तो उठला, मोगरी दगडावर ठेवली, आणि वाकड्या पायाने चार पावलं जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

धायाला बांधावरून उघाडी दिसत होती. आपली बायको मोगरी उचलतेय हे त्याला दिसलं. छातीवर चिखल दाबलेला, श्वास पुरत नव्हता, तरी तो ओरडला, "आंबे! नको उघरू! नको!"

तिने पाचर उडवली.

फळ्या आत कोसळल्या आणि लाल पाणी शेतांत घुसलं. आवाज केवढा झाला असेल ते तुम्ही कल्पना करा, मी काही तिथे नव्हतो. बघता बघता एकेक खाचर दिसेनासं झालं. सकाळी हिरवं असलेलं सगळं तांबडं झालं. आतलं पाणी चढत बांधाच्या निम्म्यापर्यंत आलं आणि बांधाचा पाझर थांबला. बांध उभा राहिला. दुपार कलली, सुकती लागली, आणि माणसांनी धायाला खणून बाहेर काढलं. त्याला कुणी धरायला गेलं तर त्याने हात झटकला. तो शेतांकडे बघत बसून राहिला.

पाणी उतरायला काही दिवस लागले. उतरलं तेव्हा शेतांवर हातभर जाड गाळ बसला होता, वर गुळगुळीत आणि तांबूस, आणि भाताचं एकही रोप वर दिसत नव्हतं. लोक त्या गाळाकडे प्रेताकडे बघावं तसे बघत होते.

गावकी बसली. खुंटाच्या बायकोने खुंटाचा शब्द मोडला, असा गुन्हा पूर्वी कधी झालाच नव्हता. बुधाजी उठून म्हणाला की मोगरी माझ्याकडची होती, जे काय असेल ते मला. पण म्हाताऱ्याला काय शिक्षा करणार? शेवटी ठरलं की आंबीने यापुढे बांधावर पाऊल ठेवायचं नाही. ती खाली मान घालून बसली होती. धायाने तिच्या बाजूने एक शब्द काढला नाही आणि विरुद्धही काढला नाही.

मग उपासाचं वर्ष आलं. लोकांनी चिंबोऱ्या खाल्ल्या, रानातले कंद उकडून खाल्ले, चिंचेचा पाला खाल्ला. म्हातारी माणसं आपल्या ताटातलं मुलांना सरकवत गेली आणि एकामागून एक गेली. बुधाजी त्यांच्यातच गेला. आंबीचं दूध आटलं. पुनी आधी रडायची, नंतर रडायची थांबली. होळीच्या आधी ती गेली.

पोरीला पुरून आल्यावर धाया उंबऱ्यावर बसला आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "ह्या तू केलास."

एवढंच. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. एका घरात राहिले, एका चुलीचं खाल्लं, पण बोलला नाही. त्याचा जीव तिने वाचवला होता आणि त्या जिवाची किंमत पुनीने भरली, असं त्याला वाटत होतं. तिला दुसरं काही वाटत असेल असं समजू नका. तीही तेच म्हणत रात्र काढायची. फक्त तिला ते ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. मला ही गोष्ट सांगताना इथे दरवेळी थांबावं लागतं. तुम्ही पाणी प्या हवं तर.

पुढच्या पावसाळ्यात लोकांनी होतं नव्हतं ते बी त्या तांबड्या गाळात टाकलं. भात कमरेला लागलं. लोंब्या अशा भरल्या की रोपं आडवी झाली. त्या वर्षी आणखी एक गोष्ट लक्षात आली. बांधाच्या आतल्या बाजूने उतरताना पूर्वी जितकं खाली उतरावं लागायचं, तितकं आता लागत नव्हतं. कापणीला वाकलेली एक बाई सरळ झाली आणि तिला होडीचा तळ दिसला नाही, होडीची कड दिसली. ती ओरडून सगळ्यांना दाखवू लागली. जमीन वर आली होती. एका दिवसाच्या पाण्याने एवढी, आणि बापजादे पिढ्यान्‌पिढ्या खणून तिला खाली नेत होते!

मग गावकी पुन्हा बसली. समुद्र थांबणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. बांध कितीही उंच केला तरी तो आणखी वर येणार. त्याच्याबरोबर जमीन वर यायची तर नदीला आत घेतलं पाहिजे. पण नदीला आत घेतलं की त्या वर्षीचं भात गेलं. त्या वाटेवर पुनी होती, बुधाजी होता.

तेव्हा धाया उठला. तो म्हणाला की सगळी शेतं एकदम द्यायची नाहीत. आतल्या आत लहान बांध घालून दरसाल एकच शेत वेगळं काढायचं, पूर आणि उधाण एकत्र आलं की तेवढ्यातच पाणी घ्यायचं. ज्या घरचं शेत गेलं, त्या घराला बाकीच्या सगळ्या घरांनी कापणीत वाटा द्यायचा, आधी काढून ठेवायचा, देवीसमोर. मग विचारलं, पहिलं शेत कोणाचं? तो म्हणाला, "माजा."

उन्हाळ्यात उघाडी नवीन बांधली, देवळाच्या बाजूच्या त्या पाझरलेल्या बांधालगत, धायाच्याच शेतावर. आषाढ आला, अवस आली. वर पाऊस लागला होता. दुपारी उधाण चढू लागलं, आणि सगळं गाव बांधावर जमलं. धायाचं भात समोर वीतभर उभं होतं. मोगरी दगडावर ठेवली होती आणि ती उचलायला कुणी पुढे होईना. ज्याने उचलली त्याच्या हातून भात बुडणार. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत होतं. पाणी चढत होतं. जुन्या बांधाला त्याच जागी ओल दिसू लागली होती.

मग माणसं बाजूला सरली. आंबी आली होती. तिला बांधावर पाऊल ठेवायची बंदी होती, पण कुणी अडवलं नाही. ती उघाडीपाशी गेली, मोगरी उचलली, एक हात पाचरेवर ठेवला, आणि थांबली.

लोकांना वाटलं ती दम घेतेय. पण ती नवऱ्याकडे बघत उभी होती. पाणी फळ्यांच्या वरच्या कडेला लागलं. कुणीतरी ओरडलं, "मार गो! मार!" तिने मारली नाही. बांधाची ओल ठिबकू लागली. माणसं धायाकडे बघू लागली. धाया जमिनीकडे बघत होता.

आंबी म्हणाली, "मी एकलीनी उघारली व्हती. या वक्ताला तुमी बोला, मंग उघरीन."

ठिबकणारं पाणी आता गढूळ झालं होतं. पुढची माणसं ढेपा आणायला धावली.

"पोर दोघांची व्हती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, असं सांगतात, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "बाप तुमचा व्हता, पन मना तो बापासारका व्हता. माज्याच जीवावर नका टाकू. नाय बोललाव तं मी अशीच उभी रानार, गेला बांध तं जाऊंदे."

ती तसं करेल याची तिथे कुणालाही शंका नव्हती. धायाने मान वर केली. त्याने आपल्या भाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी पाहिलं असेल. मग तो म्हणाला, "उघर."

मागच्यांना ऐकू आलं नाही. आंबीने हात हलवला नाही. मग तो सगळ्या खाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "उघर, आंबे, उघर!" आणि रडू लागला. तिने पाचर उडवली. पाणी त्यांच्या शेतात शिरलं आणि बांध राहिला.

तेव्हापासून तळखारला कुणी खुंट राहत नाही. माणूस बांधात घालायची रीत त्या दिवशी संपली. शेतं पाळीपाळीने नदीला दिली जातात आणि थोडी थोडी वर येतात. समुद्रही वर येतोय, अलीकडे जरा घाईने येतोय असं मला वाटतं. आम्ही त्याला हरवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही त्याच्याबरोबर चढतोय, इतकंच.

आजही ज्या घराची पाळी असते, त्या घरची बाई अवसेच्या दुपारी उघाडीवर येते आणि पाचरेवर हात ठेवून उभी राहते. नवऱ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं 'उघर' म्हटल्याशिवाय ती मोगरी उचलत नाही. नवरा नसेल तर घरातलं जे माणूस तिच्याबरोबर त्या भाताचं खाणार, त्याने म्हणायचं. पाणी कितीही चढलं तरी त्या माणसाला कुणी घाई करत नाही. मीही म्हटलाय तो शब्द. समोर आपण लावलेलं हिरवं भात असतं आणि ती तीन अक्षरं जड जातात. बायको वळून बघत असते. शब्द निघतो, पाणी आत येतं, आणि त्या दिवसापासून पुढच्या कापणीपर्यंत त्या घरात काहीही झालं, कितीही वाईट झालं, तरी कुणी कुणाला 'हे तू केलंस' म्हणायचं नाही.